पोर्टफोलिओसाठी दोन वर्षे कशाला?

पदव्युत्तर ग्राफिक डिझाइनची वार्षिक प्रदर्शने मी आवडीने पाहतो आणि बाहेर पडताना दरवेळी चिडलेला असतो. काम वाईट नसते, उलट देखणे असते. एका भिंतीवर कधीच न झालेल्या संगीत महोत्सवाची पोस्टर्स. दुसरीवर अस्तित्वात नसलेल्या कॉफी कंपनीचा लोगो, तिची पिशवी, कप, आणि कपाची मऊ सावलीसुद्धा. पुढे मन शांत करणारे एखादे अॅप, त्याचे तीन स्क्रीन करड्या पार्श्वभूमीवर तिरके टांगलेले. टेबलावर उघड्या शिलाईचे जाडजूड पुस्तक. आतला मजकूर इतका बारीक की तो कोणी वाचावा अशी अपेक्षाच नाही, हे लांबूनच कळते. छपाई उत्तम, रंग नेमके. पण पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या हुशार मुलाने किंवा मुलीने हेच केले नसते का? मग मधली दोन वर्षे गेली कशात?

माझे मत सरळ आहे. पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांचा संच, सुधारावा म्हणून कोणी ग्राफिक डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ नये, आणि संस्थांनीही ते तसे विकू नये. हात बसायला, वेग यायला, छापखान्याशी आणि क्लायंटशी बोलायला शिकायचे असेल तर स्टुडिओतली नोकरी कितीतरी बरी. तिथे पगार मिळतो आणि चुका दुसऱ्याच्या खर्चाने होतात. पदव्युत्तर वर्गाने शिकवायचे ते वेगळे. ज्याचे उत्तर अजून कोणाला नीट माहीत नाही असा दृश्य संवादाचा एखादा प्रश्न हुडकायचा, त्यावर काम करून पाहायचे, ते काम ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या हातात द्यायचे, आणि जे निघाले ते पुढच्याला उपयोगी पडेल अशा भाषेत लिहून ठेवायचे. एवढे होत नसेल तर ती दोन वर्षे म्हणजे पदवीचीच मुदतवाढ.

‘डिझाइनरला मुळात पदवी लागतेच कुठे?’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यांचे बरोबर आहे. डॉक्टरला परवाना लागतो, वास्तुविशारदाला नोंदणी लागते. लोगो काढणाऱ्याला किंवा फॉर्म आखणाऱ्याला जगात जवळपास कुठेच काही लागत नाही. टिबोर कालमन पत्रकारिता शिकायला गेले, ते अर्धवट सोडले आणि पुस्तकांच्या दुकानात काम करता करता डिझाइनर झाले. मॅथ्यू कार्टर यांनी १९५५ साली विद्यापीठात जाण्याआधीचे वर्ष नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे या जुन्या छापखान्यात घालवले, तिथे अक्षरांचे पंच, म्हणजे छपाईचे खिळे पाडायचे पोलादी ठसे, कोरायला शिकले आणि विद्यापीठाकडे फिरकलेच नाहीत. स्क्रीनवर कोट्यवधी लोकांनी वाचलेले व्हर्डाना आणि जॉर्जिया हे फॉन्ट पुढे त्यांनीच घडवले. तेव्हा ‘पदवीशिवाय चांगला डिझाइनर होता येत नाही’ हा दावा पहिल्याच उदाहरणाला कोसळतो. म्हणूनच पदव्युत्तर शिक्षणाला आपली गरज दुसऱ्या कशावरून तरी सिद्ध करावी लागते.

या वर्गांनी आजवर नाव कमावले ते मुख्यतः भांडून. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत पूर्वी शिकवलेले जोसेफ आल्बर्स १९५० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डिझाइन विभागाचे प्रमुख झाले आणि १९५१ पासून अॅल्विन आयझनमन यांच्या हाताखाली ग्राफिक डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेतला तो पहिला मानतात. पॉल रँड तिथे १९५६ पासून शिकवत होते. १९९० साली शीला लेव्रांट द ब्रेटव्हिल यांच्याकडे त्याची सूत्रे आली. डिझाइन कोणाच्या बाजूने बोलते, कोणाला वगळते, हा त्यांचा प्रश्न. तर रँड यांच्या मते असल्या गोष्टींनी आकार, प्रमाण, रेषा यांचा मूळ अभ्यास वाहून जाणार होता. रँड राजीनामा देऊन बाहेर पडले. रँड यांचे लोगो मला आजही समोर ठेवून पाहावेसे वाटतात, पण त्या वादात मी ब्रेटव्हिल यांच्या बाजूने उभा राहीन. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की तिथे निदान कशावर काम करावे यावरून माणसे एकमेकांवर उखडत होती. आजच्या बऱ्याच वर्गांत उखडण्यासारखे काही शिल्लक नाही. सगळ्यांना सगळ्यांचे काम आवडते.

प्रश्न हुडकणे म्हणजे काय, ते एका प्रसिद्ध घोळावरून सांगतो. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतली, फ्लोरिडाच्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका डिझाइनच्या वर्गांत हमखास दाखवतात, पण बहुधा हसून पुढच्या स्लाइडवर जाण्यासाठी. ती थांबून पाहण्यासारखी आहे. अध्यक्षपदाला दहा उमेदवार होते. मतदारांत वृद्धांची संख्या मोठी, म्हणून तिथल्या निवडणूक अधिकाऱ्यांनी अक्षरे मोठी करायचे ठरवले. मोठ्या अक्षरांत सगळी नावे एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर वाटली, आणि मत देताना टोचायच्या छिद्रांची एकच रांग दोन पानांच्या मधोमध आली. डाव्या पानावर पहिले नाव बुश, दुसरे गोर. उजव्या पानावर सर्वांत वर ब्युकॅनन. छिद्रांचा क्रम मात्र वरून खाली असा: पहिले बुश यांचे, दुसरे ब्युकॅनन यांचे, तिसरे गोर यांचे. डावीकडची यादी वाचत खाली येणाऱ्याने दुसऱ्या नावासाठी दुसरे छिद्र टोचले की मत भलत्याच माणसाला. चूक ध्यानात येऊन कोणी तिसरेही टोचले की मत बाद. त्या काउंटीत एकाहून अधिक छिद्रे टोचल्यामुळे १९,००० हून जास्त मतपत्रिका बाद ठरल्या, आणि राज्याचा अधिकृत निकाल लागला ५३७ मतांच्या फरकाने.

या गोष्टीत खलनायक नाही, म्हणून ती जास्त शिकवते. हेतू चांगलाच होता. अक्षर मोठे केले की वाचायला सोपे जाते हे कोणीही मान्य करील, आणि एकेक नाव खरोखरच वाचायला सोपे झालेही. बिघडले ते नाव आणि छिद्र यांच्यातले नाते. तिथे उत्तम रंगदृष्टी असलेला डिझाइनर बसवला असता तर त्याने कदाचित बाण सुबक केले असते. त्याऐवजी दहा-बारा वयस्क माणसांच्या हातात टोचणी देऊन ‘यादीतल्या दुसऱ्या नावाला मत द्या’ एवढेच म्हटले असते, तर घोटाळा छपाईआधीच समोर आला असता. आता हा विचार करायची सवय कुठे लागते? स्टुडिओत क्वचितच, कारण तिथे क्लायंटने मान हलवली की काम संपते. पदवीच्या वर्गातही नाही, तिथे अजून हातच बसत असतो. राहिला पदव्युत्तर वर्ग. त्यानेही महोत्सवाची पोस्टर्सच करायची ठरवली तर मग बोलणेच खुंटले.

आधी काय दाखवायचे हे ठरवणे आणि मग ते काढणे, ही दोन कामे वेगळी आहेत. पहिल्या कामाला व्हिएन्नात शंभर वर्षांपूर्वी स्वतंत्र माणूस नेमलेला होता. ऑटो नॉयराट यांनी १९२५ साली तिथे समाज आणि अर्थव्यवहार यांचे संग्रहालय काढले. आकडेवारी शाळेत न गेलेल्यालाही चित्रांवरून कळावी, हा ध्यास. आकडे तज्ज्ञांकडून येत, चित्रचिन्हे पुढे गेर्ड आर्न्ट्झ कोरत. या दोन टोकांच्या मध्ये मारी राइडमाइस्टर बसत. नॉयराट यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मारी नॉयराट झाल्या. कोणता आकडा कशाशी ताडायचा, काय गाळायचे, एक चिन्ह किती माणसांबद्दल उभे राहील, हे ठरवणे त्यांच्याकडे. आयसोटाइप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या कामाचा संग्रह आज इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठात आहे. पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाने नॉयराटबाईंची ती खुर्ची सांभाळावी, अशी माझी साधी अपेक्षा आहे. आर्न्ट्झ यांच्यासारखा हात असला तर सोन्याहून पिवळे, पण नसला तरी चालेल.

हे नुसते स्वप्नरंजन नाही, असा प्रबंध झालेला आहे. डेबोरा अॅडलर न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत असताना त्यांच्या आजीने चुकून आजोबांचे औषध घेतले. अॅडलर यांनी प्रबंधासाठी औषधाची बाटलीच समोर घेतली. बाटली नारिंगी आणि गोल. लेबल तिला गुंडाळलेले, त्यामुळे पूर्ण वाचायचे तर ती हातात फिरवत राहायची. लेबलावर सर्वांत ठळक काय, तर दुकानाचे चिन्ह. औषधाचे नाव आकड्यांच्या गर्दीत कुठेतरी. रंग आणि अक्षरवळण हा नंतरचा भाग. पहिला प्रश्न होता क्रमाचा. बाटली उचलणाऱ्याला आधी काय कळले पाहिजे? औषध कोणते, घ्यायचे कसे, कोणासाठी. हे वर आणि मोठे. दुकानाचा फोन, डॉक्टरचे नाव वगैरे रेघेखाली. घरातल्या प्रत्येक माणसाची खूण वेगळ्या रंगाची. टार्गेट या दुकानांच्या साखळीने ही कल्पना घेतली, औद्योगिक डिझाइनर क्लाउस रॉसबर्ग यांच्या सोबतीने बाटलीचा आकारच बदलला, ती बाजूंनी सपाट झाली, झाकणावर उलटी उभी राहू लागली, आणि २००५ साली विक्रीला आली.

या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. २०१५ साली टार्गेटने आपली औषधविक्री सीव्हीएस या कंपनीला विकली आणि नव्या मालकांनी ती बाटली बंद केली. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, जुन्या रिकाम्या बाटल्या जपून ठेवल्या, पण बाटली गेली ती गेली. लोकांना उपयोगी पडते हे ठाऊक असलेले डिझाइन एका व्यवहारात नाहीसे होऊ शकते. त्याचे हक्क कोणाकडे, ते टिकवायची जबाबदारी कोणाची, सरकारी नियमात ते बसवता आले असते का, हेसुद्धा डिझाइनचेच प्रश्न आहेत. पूर्वार्धावर स्लाइड्स करणारे अभ्यासक्रम मी पाहिले आहेत. उत्तरार्धावर एक सत्र ठेवणारा अजून दिसला नाही.

आपल्या लिपीकडे पाहिले तर संशोधनाला किती जागा मोकळी पडली आहे ते लगेच कळते. वाचनसुलभतेचे बहुतेक नियम रोमन लिपीवर बेतलेले आहेत. ओळीत ४५ ते ७५ अक्षरे असावीत, असे विद्यार्थी पाठ करतात. देवनागरीत मोजायचे काय? ‘स्त्री’ हे डोळ्याला एकच अक्षर, संगणकाच्या युनिकोड या अक्षरसंचात मात्र सहा चिन्हे. ओळींमधले अंतर ठरवताना रोमन अक्षराची उंची उपयोगाची नाही, कारण इथे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय एकाखाली एक लिहिलेली जोडाक्षरे. शिरोरेघेचा जाडपणा वाढला की लहान आकारात वाचणे सुकर होते की अवघड? मुलांना जोडाक्षर उभे दिलेले लवकर उमगते की आडवे, हलन्त दाखवून? यावर मते रग्गड आहेत. माणसे बसवून केलेल्या चाचण्या त्या मानाने थोड्या. काम करणारे झालेच नाहीत असे नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलेल्या र. कृ. जोशींनी लेखणीपासून संगणकापर्यंत ही लिपी तपासली आणि मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट केला. रेडिंगला १९९९ पासून अक्षररचनेचा जो पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, त्यात रोमनेतर लिप्यांना मानाचे स्थान आहे. जे देवनागरीचे तेच अरबीचे, थाईचे, तमिळचे. जगातल्या लिप्यांत प्रश्न असे विखरून पडलेले असताना काल्पनिक कॉफीचा कप काढायला दोन वर्षे द्यायची, हा मला निव्वळ आळस वाटतो.

यावर ठरलेला आक्षेप असा: हे सगळे मान्य केले तर डिझाइनचे समाजशास्त्र होईल, सर्वेक्षणाचे तक्ते उरतील आणि मजा जाईल. भीती खोटी नाही. चाचणी म्हणजे काय हे न समजता चार मित्रांना ‘आवडले का?’ असे विचारून वर्तुळाकार आलेख काढणारे प्रबंध मी वाचले आहेत. त्याहून वाईट म्हणजे दोन फ्रेंच तत्त्वज्ञांची अवतरणे पुढे लावून मागे जे आहे ते झाकणारे. पण प्रयोग आणि चौकशी यांच्यात वैर कल्पायचे कारण नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रगत वर्गात वोल्फगांग वाइनगार्ट शिकवू लागले. ते मूळचे छापखान्यात खिळे जुळवणारे कारागीर. त्यांची मांडणी आजही बेफाम वाटते, मात्र त्यामागे स्वच्छ प्रश्न असे: अक्षरांतले अंतर कुठवर ताणले तरी शब्द शब्दच राहतो, स्विस शिस्तीतला कोणता नियम खरोखर भार पेलतो आणि कोणता नुसता सवयीने टिकून आहे. डॅन फ्रीडमन, एप्रिल ग्रायमन हे अमेरिकी विद्यार्थी तो प्रश्न घेऊन परतले आणि त्यातून त्यांचे स्वतःचे काम निघाले. अमेरिकेतल्या क्रॅनब्रुक कला अकादमीत १९७१ पासून कॅथरीन मॅकॉय यांनी वर्ग असाच तापता ठेवला. तिथल्या विद्यार्थ्यांचे काही काम मला वाचताच येत नाही. तरी ते कशासाठी केले हे सांगता येते, आणि माझा आग्रह तेवढाच आहे.

मग बदलायचे काय? सर्वांत आधी प्रवेश. आज निवड मुख्यतः पोर्टफोलिओवर होते आणि म्हणून आत आलेला माणूस पोर्टफोलिओच करत राहतो. किमान दोन वर्षे प्रत्यक्ष काम केलेल्यालाच घ्यावे आणि अर्जात त्याने कामाच्या ओघात अडलेला एक प्रश्न दोन पानांत मांडावा, चित्रे नंतर. पदवी संपताच पुढच्या वर्गात शिरणाऱ्याजवळ असा प्रश्न नसतो, यात त्याचा दोष नाही. अजून त्याला काही अडलेलेच नसते. दुसरे, लेखन. डिझाइनर दृश्य माणूस असतो, त्याला कशाला लिहायला लावता, ही तक्रार मी ऐकून घेतो आणि सोडून देतो. लिहिल्याशिवाय प्रयोग पुढच्याच्या हाती लागत नाही. लेखन सोपे हवे, हाताने केलेल्या कामाला चिकटलेले हवे, आणि काय फसले त्याचे प्रकरण सक्तीचे हवे. तिसरे, परीक्षक. औषधाच्या लेबलावरचा प्रबंध तपासायला औषध विक्रेता आणि दहा गोळ्या रोज घेणारा एखादा रुग्ण का नसावा? दोन डिझाइनर आणि एक प्राध्यापक मिळून करतात ते बरेचदा परस्परांच्या आवडीनिवडींचे कौतुक असते.

प्रतिमा बनवणाऱ्या एआयमुळे हे सगळे आणखी निकडीचे झाले आहे, एवढेच म्हणतो. त्या विषयावर आधीच फार लिहून झाले. बरे दिसणारे पोस्टर मिनिटात निघत असेल तर बरे दिसणारे पोस्टर हा दोन वर्षांच्या शिक्षणाचा पुरावा होऊ शकत नाही.

मुदतीचाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये ही पदवी साधारण एका वर्षात उरकते, अमेरिकेत दोन ते तीन वर्षे लागतात, युरोपात अनेक ठिकाणी दोन. प्रश्न सोबत घेऊन येणाऱ्याला एक वर्ष पुरते. प्रश्न शोधत येणाऱ्याला तो सापडेपर्यंत प्रदर्शनाची तारीख येऊन ठेपते आणि मग घाईघाईने जे जमते ते भिंतीवर लागते. अमेरिकेत एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही या विषयातली अंतिम पदवी मानली जात असल्याने शिकवायची नोकरी हवी म्हणूनही ती घेणारे पुष्कळ. त्यांना मी नावे ठेवत नाही, पोटाचा प्रश्न आहे. तक्रार संस्थांविषयी आहे. ज्यांनी स्वतः कधी असा प्रश्न धरून काम केले नाही, ते शिकवू लागतात, त्यांचे विद्यार्थी त्यांच्यासारखेच शिकून पुन्हा शिकवू लागतात, आणि ही साखळी कुठे तोडायची हे शुल्क घेणाऱ्याशिवाय कोणाच्या हातात नाही.

अर्ज करणाऱ्याने म्हणून संस्थेत जाऊन तीन गोष्टी मागाव्यात. मार्गदर्शक सध्या स्वतः कोणत्या प्रश्नावर काम करत आहेत ते सांगा. मागच्या तुकडीचे प्रबंध, फोटो नव्हेत, वाचायला द्या. आणि त्यातला असा एक दाखवा ज्यात केलेले डिझाइन चाचणीत हरले, तरीही तुम्ही त्याला उत्तम गुण दिलेत. तिसऱ्या मागणीला कार्यालयात शांतता पसरली तर शुल्काचा हप्ता भरण्याआधी एखाद्या स्टुडिओत नोकरी मिळते का ते पाहावे.